अंकी आणि अक्षरी : संगणकातील तारखांविषयी काही तक्रारी

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख दोनदा लिहितात, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. ०३/०४/२००९ आणि त्याशेजारी ‘तीन एप्रिल दोन हजार नऊ’. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तसेच. दाखले लिहून हात दुखलेल्या शिक्षकांना ही दुप्पट मेहनत कधी ना कधी निरर्थक वाटली असेल. आमच्या मते मात्र माहिती जपून ठेवण्याच्या ज्या पद्धती आपल्या समाजाने रूढ केल्या, त्यांतील ही एक अत्यंत शहाणी पद्धत आहे. अंक लिहिताना ३ चा ८ होऊ शकतो, ४ आणि ९ यांची गल्लत होऊ शकते, दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकते. अक्षरांत ‘एप्रिल’ लिहिले की ही अदलाबदल संभवत नाही. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर निदान एवढे तरी कळते की येथे काहीतरी चुकले आहे. एकच गोष्ट दोन निरनिराळ्या रीतींनी सांगून चूक पकडण्याचे हे तत्त्व संदेशवहनाच्या शास्त्रात फार महत्त्वाचे मानले जाते. पुस्तकाच्या आयएसबीएन क्रमांकातील शेवटचा अंक याच कामासाठी असतो.

आता रजिस्टरे संगणकात चालली आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिक्षकांच्या सेवेच्या नोंदी, पावसाच्या, तापमानाच्या, रुग्णांच्या नोंदी, सगळे काही डेटाबेसमध्ये. आम्ही संगणकशास्त्रज्ञ नव्हे. निरीक्षणांच्या लांबलचक तक्त्यांवर पोट भरणारे साधे संशोधक आहोत. पण या तक्त्यांशी गेली वीसेक वर्षे जो संबंध आला, त्यातून आमची एक ठाम तक्रार तयार झाली आहे. संगणक तारीख ठेवतो एका रूपात आणि दाखवतो दुसऱ्याच रूपात, आणि दाखवताना आपण काय गाळले, काय गृहीत धरले, हे सांगत नाही. पाहणारा दाखवलेल्यालाच ठेवलेले समजतो. बहुतेक घोटाळे येथे सुरू होतात.

प्रथम ठेवण्याविषयी थोडेसे. डेटाबेसच्या पोटात ‘३ एप्रिल २००९’ असे कोठेही लिहिलेले नसते. बहुतेक ठिकाणी असते ती एक संख्या. युनिक्स घराण्यातील संगणक १ जानेवारी १९७०च्या (ग्रीनिचच्या) मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजतात. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस १ जानेवारी २००० पासूनचे मायक्रोसेकंद मोजतो. एक्सेल १९०० सालाच्या आरंभापासूनचे दिवस मोजते. ओरॅकलमध्ये शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद यांना एकेक असे सात बाइट दिलेले असतात. ही सारी रूपे सोयीची आहेत. दोन तारखांमधील अंतर काढायचे तर वजाबाकी केली की झाले. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तारीख ‘दिसते’ ती मात्र प्रत्येक वेळी नव्याने तयार करून. त्या क्षणी संगणकाची मांडणी कोणत्या देशाची आहे, घड्याळ कोणत्या प्रदेशाचे आहे, यावर ती कशी दिसेल हे ठरते. आणि आपण टंकलेली तारीख आत जाते तीही याच गाळणीतून.

ही गाळणी काय करू शकते हे आम्ही एका पावसाळ्यात शिकलो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या काही शाळांच्या मदतीने आम्ही पावसाची मोजणी केली होती. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला मुलांनी घेतलेले माप, वहीत नोंद, आणि महिन्याच्या शेवटी एका शिक्षकाने संगणकावर तयार केलेली फाइल. तारखा आपल्या सवयीप्रमाणे दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिलेल्या. ही फाइल ज्या संगणकावर उघडली गेली, त्याची मांडणी अमेरिकन होती, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. ०३/०६ म्हणजे आपल्याला ३ जून, त्याला ६ मार्च.

संगणकाने सगळ्याच तारखा उलटवल्या असत्या तर बरे झाले असते, कारण चूक लगेच दिसली असती. पण १३/०६ मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे अशा तारखा त्याने तारखा मानल्याच नाहीत, त्या जशाच्या तशा मजकूर म्हणून राहू दिल्या. उलटल्या त्या फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत असे दिवस ४८. त्यांतले ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट, ९ सप्टेंबर हे चार उलटवले तरी तेच राहतात. उरले ४४. यांपैकी ३२ दिवस जानेवारी ते मे किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर यांत जाऊन बसले. फेब्रुवारीत घाटमाथ्यावर एका दिवसात दीडशे मिलिमीटर पाऊस दिसल्यावर कोणीही दचकेल, तसे आम्ही दचकलो. खरी गोम राहिली ती बाकीच्या १२ दिवसांत. ७ ऑगस्टचा पाऊस ८ जुलैला गेला आणि ८ जुलैचा ७ ऑगस्टला. दोन्ही पावसाळ्यातलेच दिवस, दोन्ही आकडे पटण्याजोगे. हे पाहून कोणीही दचकत नाही.

(वर्षभराचा हिशोब विद्यार्थ्यांना वर्गात करायला द्यावा. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा, त्यांतून न बदलणाऱ्या १२ वजा केल्या की १३२ उरतात. वर्षातल्या ३६ टक्के तारखा निमूटपणे चुकू शकतात.)

या पुराणातला आमचा मुद्दा अमेरिकन मंडळी महिना आधी का लिहितात हा नाही. त्यांची सवय त्यांच्यापाशी. मुद्दा असा की संगणकाला ज्या तारखेबद्दल खात्री नव्हती तिचा त्याने अंदाज केला, आणि अंदाज केला आहे हे सांगितले नाही. एकाच रकान्यात तेरा तारखेपासूनच्या नोंदी मजकूर आणि त्याआधीच्या नोंदी तारखा, असा विचित्र प्रकार झाल्यावर तरी त्याने थांबून विचारायला हवे होते. खूण होती, पण ती केवढी? मजकूर चौकटीत डावीकडे सरकून बसतो आणि तारीख उजवीकडे. एवढ्यावर सावध व्हायचे म्हणजे पावलांच्या ठशावरून चोर ओळखण्यासारखे आहे.

आमची फजिती लहान प्रमाणावर झाली. जीवशास्त्रज्ञांची जगभर झाली. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी होती. सेप्टिन नावाच्या प्रथिनावरून पहिले आले, दुसऱ्याचाही मार्च महिन्याशी काही संबंध नाही. परंतु एक्सेलमध्ये ही नावे टंकली किंवा फाइलीतून उघडली की त्यांची २ सप्टेंबर आणि १ मार्च होत असे. हा दोष २००४ साली एका शोधनिबंधात मांडला गेला. २०१६ साली तीन संशोधकांनी ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात आपली पाहणी प्रसिद्ध केली. जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलीत जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा बिघडलेल्या नोंदी सापडल्या. प्रसिद्ध झालेले, परीक्षकांनी तपासलेले निबंध! शेवटी २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने हार मानली आणि नावेच बदलली. सेप्ट२ चे सेप्टिन२ झाले, मार्च१ चे मार्चएफ१. एक्सेलने हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय २०२३ मध्ये दिली. जोडा चावतो म्हणून पाय कापावा, तशातली ही गोष्ट. जनुकाचे नाव बदलणे सोपे आणि कार्यक्रमाची सवय बदलणे अवघड, अशी परिस्थिती विज्ञानात यावी, हे आम्हाला लाजिरवाणे वाटते.

वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची गोष्ट जुनी. २००० साल उजाडताना त्यावर एवढे रामायण झाले की आता तो विषय संपला असे अनेकांना वाटते. तो संपला नाही, केवळ पुढे ढकलला गेला. दोन अंकी वर्ष दिसले की शतक कोणते धरायचे याचा प्रत्येक डेटाबेसने आपापला नियम केला. मायएसक्यूएलमध्ये ७० ते ९९ हे विसावे शतक आणि ०० ते ६९ हे एकविसावे. ओरॅकलच्या रूढ मांडणीत सीमा ५० वर आहे. म्हणजे एखाद्या आजीबाईंच्या जन्माचे वर्ष ‘५५’ असे लिहिले, तर एका ठिकाणी त्या १९५५ साली जन्मल्या आणि दुसऱ्या ठिकाणी त्या २०५५ साली जन्माला यायच्या आहेत. दोन्हीकडे पडद्यावर मात्र ‘५५’ एवढेच दिसू शकते. ओरॅकलची आणखी एक खोड सांगतो. त्याच्या ‘तारीख’ या प्रकारात तास, मिनिट, सेकंदही नेहमी असतात, पण रूढ मांडणीत ते दिसत नाहीत. दिवस, महिन्याची तीन अक्षरे आणि वर्षाचे दोन अंक, इतकेच दिसते. १५ जूनच्या नोंदी मागाव्यात तर ‘एकही नाही’ असे उत्तर येते, आणि पडद्यावर तर ढळढळीत १५ जून दिसतो आहे! आतमध्ये १५ जून, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे असे असते आणि आपण मागितलेला असतो १५ जूनच्या मध्यरात्रीचा ठोका.

येथपर्यंतच्या चुका निदान काळजी घेऊन टाळता येतात. पुढची अधिक खोल आहे, कारण ती ‘तारीख म्हणजे काय’ या प्रश्नाशी जाऊन भिडते.

मागच्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, हे शिक्षकांना सांगायला नको. जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत घालायला आणले की गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवीत आणि तारीख लिहीत १ जून. अशी एक तारीख डेटाबेसमध्ये घालू. पुष्कळ आज्ञावल्या जन्मतारखेला एक ‘क्षण’ समजतात. १ जूनला पहाट नाही, दुपार नाही, म्हणून त्या मध्यरात्रीचा शून्य वाजताचा क्षण धरतात. हा क्षण भारतीय प्रमाणवेळेतला. डेटाबेस तो जागतिक वेळेत बदलून ठेवतो, म्हणजे साडेपाच तास मागे नेतो. झाले काय? ३१ मे, सायंकाळचे साडेसहा. परत दाखवताना साडेपाच तास मिळवले तर सारे ठीक. पण एखाद्या दुसऱ्या आज्ञावलीने ही नोंद घेतली आणि ‘जन्मतारखेला वेळ कशाला’ म्हणून वेळेचा भाग छाटून टाकला, तर उरते ३१ मे. माणूस एका दिवसाने मोठा झाला.

एका दिवसाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांपैकी ५६ वा नियम पाहावा. कर्मचारी ज्या महिन्यात निवृत्तीचे वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, परंतु ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस. गंमत अशी की १ जूनवाल्याचे या चुकीने काहीच बिघडत नाही, तो तसाही ३१ मेलाच घरी जातो. बिघडते २ जूनवाल्याचे. त्याची तारीख १ जून दिसू लागली की ३० जूनऐवजी ३१ मे, म्हणजे एका महिन्याचा पगार गेला. शाळाप्रवेशाच्या वयाची अट, स्पर्धापरीक्षेची वयोमर्यादा, खेळाच्या स्पर्धांतील वयोगट, या सगळ्यांच्या सीमा अशाच एका दिवसावर उभ्या असतात.

उलट दिशेची चूक अधिक फसवी आहे. जन्मतारीख जागतिक वेळेच्या मध्यरात्रीची म्हणून ठेवली, तर भारतात ती त्याच दिवशीची सकाळी साडेपाचची वेळ होते. तारीख बरोबर दिसते. पुण्यात बसून आज्ञावली लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. ती दिसते अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याला, ज्याच्या पडद्यावर त्याचाच वाढदिवस एक दिवस आधी येतो.

आमचा आक्षेप असा की जन्मतारीख हा क्षणच नव्हे. ती पंचांगाच्या किंवा दिनदर्शिकेच्या एका पानाचे नाव आहे. मूल न्यूयॉर्कला गेले म्हणून ते पान बदलत नाही. भूकंप हा क्षण आहे. तो लातूरला आणि लंडनला एकाच क्षणी घडतो, घड्याळे तेवढी वेगळी असतात. डेटाबेसमध्ये या दोहोंसाठी वेगवेगळे प्रकार आहेतही, पण त्यांची नावे आणि रूपे अशी ठेवली आहेत की गोंधळ व्हावाच. मायएसक्यूएलमधले ‘टाइमस्टँप’ आणि ‘डेटटाइम’ हे दोन प्रकार पडद्यावर अक्षरश: सारखे दिसतात. पण घड्याळाचा प्रदेश बदलला की पहिला हलतो, दुसरा हलत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘टाइम झोनसह टाइमस्टँप’ असा एक प्रकार आहे. नावावरून वाटेल की प्रमाणवेळेचा प्रदेश त्यात जपून ठेवला असेल. तसे नाही. तो वाचला जातो, त्याचा उपयोग करून जागतिक वेळ काढली जाते आणि मग तो फेकून दिला जातो. निरीक्षण मुंबईच्या घड्याळाने घेतले की टोकियोच्या, हे नंतर त्या रकान्याला विचारून कळणार नाही. ज्या पेटीवर ‘आत साखर आहे’ असे लिहिले आहे तिच्यात साखर नसावी, हे आम्हाला पटत नाही.

प्रमाणवेळ ही कायमची गोष्ट आहे असेही समजू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारतीय घड्याळे एक तास पुढे केलेली होती. जागतिक वेळेपासूनचा फरक साडेसहा तास होता. मुंबईत तर १९५५ पर्यंत शहराची स्वत:ची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली वेळ चालू होती. संगणक वापरतात त्या प्रमाणवेळांच्या जागतिक कोशात भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ असा एकच प्रदेश आहे. मुंबईच्या जुन्या वेळेला त्यात स्वतंत्र जागा नाही. कोशाचे काम पाहणाऱ्यांनी १९७० पूर्वीच्या काळाची हमी घेतलेलीच नाही, आणि हे ते स्पष्ट सांगतात, म्हणून त्यांना दोष देत नाही. त्यांच्या कोशावर उभ्या असलेल्या आज्ञावल्या मात्र १९४३ सालची वेळही तितक्याच आत्मविश्वासाने सेकंदासह दाखवतात.

आता पावसाकडे परत येऊ. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला त्याच वेळी ७३ मिलिमीटर. पण हवामानाच्या दैनिक नोंदींच्या तक्त्यात २६ जुलैच्या ओळीत ९४४ शोधाल तर तो आकडा तेथे मिळणार नाही. तो २७ जुलैच्या ओळीत असतो. भारतीय हवामानखात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि गेल्या चोवीस तासांचा पाऊस ज्या दिवशी मोजला त्या दिवसाच्या नावावर लिहिला जातो. (साडेआठच का? जागतिक वेळेचे तीन वाजतात म्हणून. जगभरातील वेधशाळा जागतिक वेळेच्या ठरलेल्या तासांना एकदमच नोंदी घेतात.) खात्याचे यात काही चुकले नाही. ‘२७ जुलै सकाळी साडेआठला संपलेले चोवीस तास’ असे ते नेमकेपणे सांगतात. पण हे वाक्य डेटाबेसच्या रकान्यात मावत नाही. रकान्याला हवी असते एक तारीख. तेथे २७-०७-२००५ उरते आणि बाकीचे वाक्य कोणत्या तरी पुस्तिकेच्या तळटीपेत जाऊन पडते. उपग्रहाच्या नोंदींत दिवस बहुधा जागतिक मध्यरात्रीला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. हे दोन तक्ते ‘तारीख’ या रकान्यावरून एकमेकांना जोडणारा विद्यार्थी २६ जुलैच्या दुपारच्या मुसळधार पावसाला दोन वेगवेगळ्या तारखा देतो आणि उपग्रह चुकला असा निष्कर्ष काढतो. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी हा प्रवास केलेला आहे. आम्हीही केला होता.

आमच्या शाळांतही हाच प्रश्न निघाला. काही मुलांनी सकाळच्या मापासमोर आजची तारीख लिहिली होती, काहींनी कालची, कारण ‘पाऊस तर काल पडला, बाई’. मुलांचे म्हणणे तर्काला धरूनच होते.

इतिहासाच्या शिक्षकांसाठीही थोडे. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. ही तारीख एसक्यूएल सर्व्हरच्या ‘डेटटाइम’ या जुन्या प्रकारात ठेवताच येत नाही, कारण तो १ जानेवारी १७५३ पासूनच सुरू होतो. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये ज्यूलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन स्वीकारली, आणि त्याआधीच्या भानगडीत न पडण्याचे या प्रकाराच्या कर्त्यांनी ठरवले. पोस्टग्रेसमध्ये ही तारीख ठेवता येते. पण वार विचारला तर बुधवार असे उत्तर येईल. तो शनिवार होता. रूढ तारीख ज्यूलियन आहे, ग्रेगोरियनप्रमाणे ती १६ जून होते, आणि पोस्टग्रेस सर्व काळाला ग्रेगोरियन फूटपट्टीच लावतो. या दोघांत आम्हाला पहिला अधिक प्रामाणिक वाटतो. जे जमत नाही ते जमत नाही, असे तो म्हणतो. सावित्रीबाईंची जन्मतारीख ३ जानेवारी १८३१ एक्सेलमध्ये लिहिली तर तो केवळ मजकूर राहतो, कारण एक्सेलच्या जगाची उत्पत्तीच १९०० सालची. आणि त्या जगात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे! शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेने भाग गेला तरच लीप असते, हे आपण लहान मुलांना शिकवतो. ही चूक लोटस नावाच्या आधीच्या कार्यक्रमात होती. त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती समजूनउमजून उचलली आणि आजही जपली आहे. क्रमांक ६० चा दिवस एक्सेलमध्ये विचारून पाहावा.

चांगले काही नाहीच का? आहे. आयएसओ ८६०१ हे १९८८ सालचे आंतरराष्ट्रीय मानक वर्ष, महिना, दिवस असा क्रम सांगते. २००९-०४-०३. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७९०० हे मानकही याच विषयावर आहे. मोठे एकक आधी, लहान नंतर, जसे आपण रुपये आधी आणि पैसे नंतर लिहितो. या क्रमाने लिहिलेल्या तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात, हा त्याचा मोठा गुण. फाइलींना नावे देताना हा क्रम प्रत्येक शिक्षकाने वापरावा. पोस्टग्रेसचा आणखी एक गुण सांगायला हवा. महिना आधी अशी मांडणी असताना १३/०४ अशी तारीख दिली तर तो अंदाज करत नाही, सरळ नकार देतो आणि मांडणी तपासून पाहा असे सुचवतो. याउलट मायएसक्यूएल एके काळी अशक्य तारखेच्या जागी सगळी शून्ये लिहून पुढे जात असे. २०१५ मधल्या आवृत्तीपासून त्याची मूळ मांडणी कडक झाली. नकार देणारा संगणक वापरणाऱ्याला चिडवतो, हे खरे. परीक्षेत ‘माहीत नाही’ लिहिणारा मुलगाही चिडवतो. पण त्याच्या उत्तरपत्रिकेत खोटे काही नसते.

आता ‘अंकी व अक्षरी’कडे. शाळांसाठी तयार होणाऱ्या काही आज्ञावल्या आम्ही पाहिल्या. त्यांतून निघणाऱ्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी छापलेली असते आणि अक्षरीही, अगदी सुबक. पाहून बरे वाटते. पण जन्मतारीख भरायचा रकाना एकच होता. अक्षरी मजकूर संगणकाने त्याच एका संख्येवरून तयार केलेला. ०३/०४ ची ४ मार्च झाली असेल तर अक्षरांतही ‘चार मार्च’च येणार, आणि दोन्ही नोंदी एकमेकींशी तंतोतंत जुळणार. जुन्या रजिस्टरात त्या दोन साक्षी होत्या. येथे एकच साक्षीदार दोनदा बोलतो आहे. कागदाचे रूप राहिले, तपासणी गेली. हे टाळणे अजिबात अवघड नाही. भरतानाच महिना नावाने निवडायला लावावा, किंवा दोन रकाने ठेवून ते जुळल्याशिवाय नोंद घेऊ नये. ज्या शाळांत अशी आज्ञावली येऊ घातली आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांनी हा एक प्रश्न जरूर विचारावा : अक्षरी तारीख कोण लिहिते, माणूस की तुमचे यंत्र?

आमच्या पावसाच्या नोंदींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. सगळ्या तारखा नियमाने उलटल्या असत्या तर नियमाने परतही फिरवता आल्या असत्या. परंतु फाइल आमच्या हाती येण्यापूर्वी एका उत्साही मदतनीसाने ‘चुकीचे’ दिसणारे महिने हाताने दुरुस्त केले होते. पावसाळ्याबाहेरचे ३२ दिवस तर त्याने सुधारलेच, पण आतल्या १२ दिवसांपैकीही काही बदलले आणि कोणते ते लिहून ठेवले नाही. मग आम्ही शाळांकडून मुलांच्या मूळ वह्या मागवल्या. ओल लागून फुगलेल्या, काही ठिकाणी शाई उतरलेल्या. पण जवळपास प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात वार लिहिलेला होता, फळ्यावर लिहितात तसा. वार, दिनांक, आणि मग माप. वारावरून एकेक नोंद पुन्हा जागेवर बसवता आली. एका शाळेची वही मात्र वाळवीने खाल्ली होती. तिच्या त्या बारा दिवसांच्या जागा आम्ही तक्त्यात रिकाम्या ठेवल्या आहेत.